मोबाइल तुझ्याच हातात असू दे

अगं, तुझा निरोप ऐकला. तुमच्या खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यावर माहितीपट करायचा, गटात चार पोट्टे अन् तू एकटी. त्यात तुझ्याकडे काय आलं, तर लिखाण, गावातल्या बायाबापड्यांशी बोलणं आणि सगळ्यांचे डबे. कॅमेरा, आवाज, एडिटिंग त्यांच्याकडे. 'मला त्यातलं काही समजत नाही ना ताई,' म्हणतेस. त्यांना तरी कुठं समजतं, बाई? ते न समजता बटणं दाबून पाहतात, अन् तू कोणी शिकवेल म्हणून बसून राहतेस. फरक एवढाच आहे. म्हणून बजावून सांगते, लिखाण तुझं असू दे, पण शूटिंगच्या दिवशी मोबाइल तुझ्याही हातात आला पाहिजे. अन् डबे ज्याचे त्यानं आणावे.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा इथं त्यांना तरी कोण शिकवणार होतं? कुंडीत वाटाणा पेरला अन् महिनाभर थोडी थोडी फिल्म घेत त्याचा वेल वाढताना दाखवला. यंत्रावरही हात बसला, अन् पैसे लावणाऱ्यांना दाखवायला काहीतरी झालं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. पण मला त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई जास्त आठवतात. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडून घ्यावी लागायची, तीही अंधारात. ते त्या करायच्या. फिल्म धुवायची रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. एवढं करून वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तो शेवटचा भाग तेवढा तू उचलू नकोस.

आता तू काय करायचं? यूट्यूबवर रात्र रात्र 'सिनेमॅटिक' व्हिडिओ पाहत बसू नकोस. गावातली एखादी आजी माठात पाणी ओतते, तेवढंच आधी घे. लांबून एकदा, हातांचं एकदा, अन् माठावर चढलेला तो क्षारांचा पांढरा थर अगदी जवळून. घरी येऊन पाहा. जे बिघडलेलं दिसेल ते शिकायचं, बाकीचं राहू दे.

काय बिघडेल तेही सांगते. थर दाखवताना फोकस मागेपुढे पळेल. स्क्रीनवर त्या जागी बोट दाबून धर, फोकस अन् उजेड दोन्ही लॉक होतात. घरात ट्यूबलाइट असेल तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० कर, पट्टे जातात. फोर-केच्या मागे लागू नको. फुल एचडीतच मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जातात, फोर-केत त्याच्या तिप्पट, अन् तुझ्या मोबाइलची जागा दुपारपर्यंत संपून जाईल.

ऊन तर तुला सांगायलाच नको. तुमच्या तेल्हाऱ्यात मे महिन्यात भर दुपारी मोबाइल बाहेर काढला की तो तापून स्क्रीन मंद करतो, कधी कॅमेराच बंद. सकाळी नऊच्या आत अन् संध्याकाळी पाचनंतर जा. काळ्या जमिनीच्या भेगाही तेव्हाच नीट दिसतात, तिरप्या उन्हात त्यांच्यात सावली भरते. दुपारी बारा वाजता तीच जमीन सपाट दिसते.

पण खरं सांगू? चित्र थोडं हललेलं चालतं, आवाज गेला की काही उरत नाही. तुझा माहितीपट म्हणजे बोलणंच तर आहे. डाळ शिजत नाही, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, वान धरणाचं पाणी कधी येतं अन् कधी नाही, हे सगळं कोणीतरी सांगणार आहे, अन् तू सहा फुटांवर मोबाइल धरून उभी राहशील तर पंख्याची घरघरच ऐकू येईल. पंखा बंद कर. दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर टाक, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून आजीच्या पदराखाली खांद्याजवळ खोचून ठेव, माइकवर कापसाचा पातळ थर लाव. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव. एडिटिंगला टाळीचं चित्र अन् टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही फायली एका ठिकाणी बसतात. बोलणं संपल्यावर पुन्हा एक टाळी, कारण लांब मुलाखतीत एका मोबाइलचं चित्र अन् दुसऱ्याचा आवाज हळूहळू मागेपुढे होतात. हापशीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेव. मागे सिनेमाचं गाणं लावायची गरजच पडणार नाही, कॉपीराइटची कटकटही नाही.

गटातला कोणीतरी गिंबल, ड्रोन आणू म्हणेल. त्याला मालेगावात सिनेमे करणाऱ्या नासिर शेख यांची गोष्ट सांग. यंत्रमागाच्या गावात त्यांनी बैलगाडीची क्रेन केली अन् सायकलवर कॅमेरा पळवला. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते दिसतं, गटानं एकत्र बसून पाहा. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या'ही पाहा. नगरच्या कॉलेजात शिकताना प्रकल्प म्हणून केलेला लघुपट, त्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एक नाजूक गोष्ट. तुमच्या पट्ट्यात किडनीच्या दुखण्याचं बोलणं निघणारच. 'पाण्यानंच झालं' असं तू स्वतःच्या आवाजात म्हणू नकोस. पेशंट म्हणत असेल तर ते त्याच्या तोंडून येऊ दे, अन् एखाद्या डॉक्टरला विचार. चेहरा दाखवायचा की नाही हे आधी विचारून घे, नाही म्हणाले तर फक्त हात दाखव.

फायली त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर अन् कोणाच्या तरी लॅपटॉपवर, दोन्हीकडे उतरव. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की त्याचा दर्जा पडतो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण जुन्या कॉम्प्युटरवर ते रडतं. मग मोबाइलवर व्हीएन अ‍ॅप घे, चालतं. आधी नुसती बोलणी ओळीत लाव, डोळे मिटून ऐक, कंटाळा आला तिथं काप. चित्रं नंतर त्यावर ठेव.

नावं शेवटी टाकशील, तेव्हा मुक्ता फॉन्ट घे, फुकट आहे. काही अ‍ॅपमध्ये 'खारपाणपट्टा' लिहिलं की जोडाक्षर फुटतं, ते तपासून घे. अन् छायाचित्रणाखाली तुझं नाव नसेल तर मला फायनल फाइल पाठवू नकोस, आधी त्या पोट्ट्यांशी भांडून ये.