हैती : संकट निसर्गाचे किती, माणसाचे किती?

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक-तृतीयांश भाग म्हणजे हैती. भूकंप, वादळ किंवा गोळीबार झाला की या देशाचे नाव आपल्या वाचनात येते आणि ‘बिचारा देश’ असे म्हणून आपण पान उलटतो. परंतु वाचकहो, ही संकटे निसर्गाने किती आणली व माणसाने किती, हे तपासल्यास त्या दयेचे स्वरूपच पालटते.

12 जानेवारी 2010 रोजी राजधानी पोर्ट-औ-प्रिन्सनजीक 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांच्या आकड्याविषयी मतभेद आहेत. तथापि तो लाखाच्या घरात होता. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद व कॅथीड्रल कोसळले. आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात चिलीत 8.8 तीव्रतेचा, म्हणजे शेकडो पटींनी अधिक शक्तीचा भूकंप झाला. तेथे सुमारे सव्वापाचशे माणसे दगावली. चिलीतील केंद्र राजधानीपासून दूर होते, हे खरे. पण तेथे भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचे नियम होते व ते पाळले जात. हैतीत काँक्रीट निकृष्ट, लोखंड अपुरे, आणि बांधकाम तपासणारी यंत्रणा नावापुरतीही नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पटकीची साथ आली. शतकभर तरी तेथे या रोगाची नोंद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीच्या छावणीतील मैला नदीत मिसळला व रोग आर्टिबोनाइट खोऱ्यात पसरला. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. रक्षणासाठी आलेल्यांनीच हे दुखणे आणावे, यासारखा दैवदुर्विलास नाही! संयुक्त राष्ट्रांनी आपला वाटा मान्य केला तो 2016 मध्ये. दाद मागणाऱ्यांना मात्र अमेरिकेच्या न्यायालयांनी कायदेशीर संरक्षणाचे कारण सांगून परत पाठविले.

आता प्रश्न असा की, शासन इतके दुबळे का? गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळविले. 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्याची ‘भरपाई’ मागितली. दीड कोटी नव्हे, तब्बल पंधरा कोटी फ्रँक! पुढे रक्कम नऊ कोटींवर आली, परंतु त्यापायी काढलेली कर्जे 1947 पर्यंत फिटत होती. त्यानंतर 1957 ते 1986 पर्यंत दुव्हालिए पितापुत्रांची हुकूमशाही. त्यांच्या खासगी सैन्याला लोक ‘तोंतों माकूत’ म्हणत. आपल्याकडील बागुलबुवासारखे, मुलांना पोत्यात घालून नेणारे ते एक भयपात्र. शस्त्रधारी माणसे पदरी बाळगून राज्य करण्याची ही रीत हुकूमशहांबरोबर गेली नाही. सैन्य 1995 मध्ये बरखास्त झाले, पोलीस अपुरे राहिले, आणि पुढाऱ्यांनी व धनिकांनी पोसलेल्या टोळ्या अखेर धन्यांनाही जुमानीनाशा झाल्या.

7 जुलै 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईज यांची त्यांच्याच घरी हत्या झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा परदेशी मिशनरी व त्यांचे कुटुंबीय पळविले गेले. 2022 मध्ये टोळ्यांनी इंधनाचे मुख्य केंद्र अडविले. पाण्याचे पंप थांबले, रुग्णालये अंधारली आणि गेलेली पटकी पुन्हा परतली. बंदूक आणि रोग यांचे नाते इतके जवळचे असते. मार्च 2024 मध्ये राजधानीतील तुरुंग फोडून हजारो कैदी पळाले. केनियाच्या नेतृत्वाखालील पोलीसदल जूनमध्ये आले, तरी त्या एका वर्षात 5,600 हून अधिक माणसे मारली गेली.

सर्वांत दुःखद गोष्ट अन्नाची आहे. आर्टिबोनाइट हे हैतीचे भाताचे कोठार. 1990 च्या दशकात परदेशी दडपणाखाली तांदळावरील आयातकर उतरविला गेला आणि स्वस्त अमेरिकन तांदळापुढे स्थानिक शेतकरी टिकला नाही. माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. जे शेतकरी तरीही भात लावीत राहिले, त्यांच्याच खोऱ्यातील पों-सोंदे गावावर 3 ऑक्टोबर 2024 रोजी टोळीने हल्ला करून किमान सत्तर जणांना ठार केले, आणि हजारो लोक शेते टाकून निघून गेले.