वापिती विमान व हवाई शिपाई

विमान म्हटलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वैमानिकच उभा राहतो. परंतु ता. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस ड्रिघ रोड येथें हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी उभारली गेली, तेव्हां तिच्यापाशीं वापिती जातीचीं अवघीं चार विमानें व पांच हिंदी वैमानिक होते. आणि तीं विमानें राखणारे जे कारागीर, त्यांस 'हवाई शिपाई' म्हणत.

वापितीस एकावर एक असे दुहेरी पंख. पुढें वैमानिक, मागें बंदूकवाला. दोघांच्याही डोक्यावर छप्पर नाहीं. वायव्य सरहद्दीवरील हिवाळी वारा त्यांस कसा झोंबला असेल! इंजिनाचीं नऊ नळकांडीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मांडलेलीं असत व वाऱ्यानेंच थंड होत. त्यास पाणी लागत नसे. निर्जल मुलुखांत हा मोठाच लाभ. पण इंजिन बंद पडलें, तर खालीं दरी आणि खडक. तेव्हां जमिनीवर ज्यानें मळसूत्रें आवळलीं, त्याच्याच हातीं दोघांचे प्राण.

त्या पांचांपैकीं सुब्रतो मुखर्जी हे १९५४ सालीं हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हवाई शिपायांचीं नांवें मात्र फारसें कोणी घेत नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. दिल्लीस पालम येथील संग्रहालयांत एक वापिती जपून ठेविलेलें आहे. तेथें जाल तेव्हां वैमानिकाच्या आसनाआधीं इंजिन पाहावें.