साठविलेल्या तुरीचे भुंग्यापासून रक्षण

झरी जामणीच्या परिसरात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास घेण्याची रीत आहे. पौष-माघात तूर घरी येते आणि बियाण्यापुरती तरी ती मृगापर्यंत राखावी लागते. याच मुदतीत भुंगा घात करितो. अंकुर खाल्ला गेलेला दाणा पेरून उगवत नाही. आणि भुंग्याच्या धाकाने पडत्या भावात माल विकावा लागतो, ते नुकसान निराळेच.

प्रथम शत्रूची राहणी जाणावी. मादी शेतात पक्व शेंगांवर व घरात दाण्यांवर अंडी चिकटविते. अळी दाण्यात शिरून गर खाते व सुमारे महिन्याभरात भुंगा होऊन गोल छिद्रातून बाहेर पडते. भुंगा स्वतः दाणा खात नाही. वंश वाढविणे एवढेच त्याचे कार्य. म्हणून अंडे मारले की पिढी तुटते.

यास्तव तूर कडक उन्हात, दाताखाली कडक फुटेपर्यंत वाळवावी. कणगी झाडून लिंपावी व जुना किडका दाणा तीत ठेवू नये.

खाण्याच्या तुरीस किलोमागे ५ मिलिलिटर भुईमुगाचे तेल हाताने सारखे चोळावे. तेलाच्या पातळ थराने अंडे नीट चिकटत नाही व त्यातील जीव गुदमरतो. मात्र दाण्यात खोल शिरलेल्या अळीवर याचा भरवसा धरू नये. म्हणून तेल साठवणीच्या आरंभीच लावावे.

बियाण्यास निंबोळीच्या मगजाची पूड १०० किलोस १ ते २ किलो मिसळावी. तिच्यातील कडू द्रव्ये किड्यास अंडी घालण्यापासून परावृत्त करितात व त्याची वाढ खुंटवितात. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पडतात, तूर तर माघात येते. तेव्हा त्या वेळीच वेचून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. उन्हाने गुण उतरतो.

विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात ठेवणे प्राणघातक होय. तो मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा.

दर पंधरवड्यास मूठभर दाणे काढून पाहावे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे व त्याप्रमाणे बियाण्याचे प्रमाण ठरवावे. हे उपाय घरच्या साहित्याने होणारे आहेत. येत्या पावसाळ्यात निंबोळ्या वेचून आरंभ करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.