दुबईला निघताय? पगार नंतर बघू, आधी ९० दिवसांचं खेळतं भांडवल मोजा



व्हिडिओत दुबईच्या खर्चाचा हिशेब बोर्डवर भराभर मांडला होता. तोच इथे सावकाश, आकड्यांसकट करूया. वही-पेन घेऊन बसा.

दुबईला निघालेला माणूस एसी टेक्निशियन असो, अकाउंटंट असो की दुकानदार, पहिला प्रश्न एकच: "पगार किती मिळेल?" आणि लगेच मोबाईलवर दिरहमचे रुपये करून बघायचे. आकडा मोठा दिसतो, घरातले खूश होतात. पण दुकान टाकताना आपण काय करतो? विक्री किती होईल हे नंतर. गल्ला भरायला लागेपर्यंत दुकान कशावर चालेल, ते आधी. नव्या शहरात बिऱ्हाड थाटणं हे अगदी तसंच आहे. पगार बरा असूनही माणूस तिथे अडकतो तो पहिल्या तीन महिन्यांत, कारण हातात रोकड नसते. आणि मग गावाकडे फोन जातो, बायकोच्या बांगड्या तारण ठेव म्हणून.

भाडं महिन्याचं नसतं

समजा, ८,००० दिरहम पगार ठरला आणि तुम्ही वर्षाला ४८,००० दिरहमचं एक छोटं घर बघितलं. (आकडे गणितापुरते घेतलेत. एरियाप्रमाणे भाडं खूप बदलतं.) आपलं डोकं लगेच सांगतं, महिन्याला ४,००० भाडं, उरले ४,०००, चाललं की!

पण दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायची पद्धत आहे. कुठे एकच चेक, कुठे दोन, चार, कधी सहा किंवा बारा. चेक कमी दिलेत तर मालक भाड्यात थोडं खाली येतो. चार चेकवर सौदा झाला, तर किल्ली हातात यायच्या आधी एवढे मोजायचे:

पहिला चेक: १२,०००
डिपॉझिट, ५ टक्के: २,४०० (फर्निचरसकट घर असेल तर सहसा १० टक्के)
एजंटचं कमिशन, साधारण ५ टक्के: २,४००, त्यावर व्हॅट १२०
फ्लॅटसाठी वीज-पाण्याचं डिपॉझिट: २,०००
'इजारी', म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी: साधारण २२०

बेरीज १९,१४० दिरहम. सव्वादोन महिन्यांपेक्षा जास्तीचा पगार, आणि अजून गादी, फ्रिज, गॅस काहीच घेतलेलं नाही. पहिला पगार तर महिना भरल्यावर येणार! पुढे दर तीन महिन्यांनी १२,०००चा चेक वटायला येतोच. म्हणून पगार झाला की त्याच दिवशी ४,००० बाजूला काढायचे. दुकानदार जीएसटीचे पैसे वेगळे ठेवतो तसं. तो पैसा आपला नाहीच.

चेक वटला नाही तर? २०२२च्या आधी खात्यात पैसे नसले की थेट फौजदारी व्हायची. आता बहुतेक प्रकरणांत तसं होत नाही, पण ही काही सुटका नव्हे. खात्यात असेल तेवढी रक्कम बँक देते आणि उरलेल्यासाठी चेकधारक थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो. देश सोडायला बंदीही लागू शकते. म्हणून चेकवर सही करताना तारखा वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर आहेत म्हणू नका, वहीत.

अजून एक. वीज-पाणी खात्याचं नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून 'देवा' असं म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडून पहिलं बिल बघून बरोबर तोच शब्द निघतो. कारण त्याच बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क महिन्याच्या हप्त्याने येतं. आपल्या उदाहरणात महिना २०० दिरहम. एसीच्या थंड पाण्याचं बिल काही इमारतींत वेगळं येतं, काही ठिकाणी भाड्यातच असतं. त्याला तिथे 'चिलर फ्री' म्हणतात. घर बघताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे एसी बंद ठेवून राहता येत नाही.

मग पहिले तीन महिने राहायचं कुठे?

सरळ उत्तर: घर घेऊ नका. तसंही चेकबुकसाठी बँक खातं लागतं, खात्यासाठी एमिरेट्स आयडी लागतं आणि त्याआधी व्हिसाची वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे. यात दिवस जातातच. तोपर्यंत शेअरिंगमध्ये खोली किंवा 'बेडस्पेस' घ्या. बर दुबई, करामा, देरा, अल नहदा इथे आपल्याकडचे लोक पुष्कळ आहेत, मेट्रो किंवा बस जवळ आहे आणि खानावळीचा डबाही मिळतो. फक्त एक बघा: प्लायवूड ठोकून केलेल्या 'पार्टिशन'मध्ये शिरू नका आणि राहणाऱ्यांत तुमचं नाव नोंदवणार का, ते विचारा. महापालिकेची तपासणी झाली की आधी बिननोंदीचा माणूस रस्त्यावर येतो. शारजात भाडं कमी पडतं हे खरं, पण नोकरी दुबईत असेल तर रोजच्या ट्रॅफिकचे तास त्या बचतीतून वजा करा आणि मग ठरवा.

कुटुंबाला पहिल्याच खेपेला नेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. ते संपू द्या, दोन चेक वटू द्या, मग तिकिटं काढा. कुटुंबाच्या व्हिसासाठी पगाराची अटही आहे: किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. पण कागद मात्र आत्ताच तयार ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला आणि पदवी, दोन्हींवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो. हे काम तिथे बसून करायला गेलात तर कुरिअर आणि एजंट यांतच पैसे जातील.

ऑफर लेटरमध्ये 'बेसिक' किती?

सगळे एकूण आकडा वाचतात. तुम्ही बेसिक वाचा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. एकूण ८,०००च, पण एका कंपनीचं बेसिक ३,२०० आणि दुसरीचं ४,८००. पहिल्या ठिकाणी वर्षाला २,२४० जमतात, दुसऱ्या ठिकाणी ३,३६०. नोकरी गेल्यावर मिळणारा बेरोजगारी विमाही बेसिकच्या ६० टक्के, तोही जास्तीत जास्त तीन महिने, आणि आधी सलग बारा महिने हप्ते भरलेले असतील तरच. हा विमा २०२३ पासून सक्तीचा आहे. हप्ता महिना ५ दिरहम, १६,०००च्या वर बेसिक असेल तर १०. तो स्वतः भरायचा असतो, विसरलात की दंड.

कामगार भरतीचा खर्च तिथल्या कायद्याप्रमाणे मालकाचा, कामगाराचा नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला सेवा-फी म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा माणूस तुम्हाला नोकरी देत नाहीये, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक आहात. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. "आधी व्हिजिट व्हिसावर या, काम सुरू करा, नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि पगार बुडाला तर दाखवायला कागद नसतो. पासपोर्ट मालकाकडे 'सांभाळायला' द्यायचा नाही. तो ठेवून घेणंच तिथे बेकायदा आहे.

इकडच्या बँकेचंही उरकून घ्या. कायदेशीर भाषेत अनिवासी झालात की साधं बचत खातं चालवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. तिकडून पाठवायच्या पैशासाठी एनआरई उघडा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही.

आणि सामान भरताना आईला सांगा, डब्यात खसखस नको. अनारशांवरची सुद्धा नाही. अमिरातीत ती अमली पदार्थात मोडते, विमानतळावर "आम्ही जेवणात वापरतो" हे चालत नाही. डॉक्टरांची रोजची औषधं असतील तर चिठ्ठी बरोबर ठेवा आणि त्यांतलं कुठलं तिथे नियंत्रित आहे का, ते निघण्याआधी बघा.

आता गृहपाठ. वरच्या यादीत तुमचे आकडे घाला, तीन महिन्यांचा डबा, प्रवास आणि घरी पाठवायचा हप्ता मिळवा. येणारी बेरीज आणि तुमची आजची शिल्लक शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत, ज्यांना नोकरी नाही तर स्वतःचं लायसन्स काढायचंय, त्यांच्यासाठी मेनलँड की फ्री झोन हा विषय घेऊ. ही वही तेव्हाही लागेल.