आपला आकडा आपल्याला पाठ हवा

पोरी, शिक्षण झालं, नोकरी लागली, उद्या तुझ्या लग्नाचंही बघायला लागतील. त्याआधी आत्या म्हणून मला जे सांगायचंय ते नीट ऐकून घे. तुझ्या बाबाचा हिमोफिलिया आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याचा गुडघा कधी सुजला, दुधाचा दात पडल्यावर रक्त कसं थांबेना, आजी त्याला कडेवर घेऊन लालबागहून परळला कशी धावायची, हे ऐकतच तू मोठी झालीस. पण तुझं स्वतःचं फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, किती टक्के आहे, हे तुला सांगता येणार नाही. घरात कुणालाच नाही, कारण मुलीचं कुणी तपासलंच नाही.

तू वाहक आहेस की नाही यासाठी तपासणी लागत नाही. बाबाकडे एक्स गुणसूत्र एकच, त्यातच दोष, आणि ते त्याच्या प्रत्येक मुलीला मिळणारच. तुझ्या भावाला त्याच्याकडून वाय मिळालं, म्हणून तो सुटला. तुझं दुसरं एक्स वहिनीकडून आलेलं, निरोगी. लोक म्हणतात, एक चांगलं आहे ना, मग मुलीला काही होत नाही. इथेच फसगत होते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स काम करतं, दुसरं निजून राहतं, आणि कुठलं निजायचं हे आपल्या हाती नसतं. ज्या मुलीत चांगलं एक्स जास्त पेशींमध्ये निजलं, तिचं फॅक्टर खाली येतं. एरवी माणसाचं ५० ते १५० टक्के असतं. वाहक बायकांमध्ये कुणाचं ८०, कुणाचं ३०, क्वचित कुणाचं ५ च्याही खाली. ४० च्या खाली असेल तर ती नुसती वाहक नव्हे, तिला हिमोफिलियाच आहे, असं जगभरचे तज्ज्ञ २०२१ पासून मांडतात. आणि आकडा ४० च्या वर असूनही अंगावरून भरपूर जाणाऱ्या बायका असतात. मी त्यांतलीच एक.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आला, हे फार चांगलं झालं. पण तिथल्या व्याख्येतही हा आजार बहुतेक पुरुषांनाच होतो आणि बायका तो आपल्या मुलग्यांकडे पोचवतात, अशाच अर्थाचं लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांची ही समजूत, तर चाळीतल्या काकू-मावशींची वेगळी कशी असणार? म्हणून तुझ्या हातात कागद हवा. 'मला खूप जातं' म्हटलं की समोरचा मान हलवतो. 'माझं फॅक्टर आठ ३२ टक्के आहे' म्हटलं की डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतात.

तपासायला लांब जायला नको. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच तेराव्या मजल्यावर एनआयआयएच आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. १९५७ मध्ये रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रक्त न गोठण्याच्या आजारांचं, त्यांच्या जनुकांपर्यंतचं निदान करते. आधी केईएमचा केसपेपर काढ, रक्तविकाराच्या डॉक्टरांना बाबाचे जुने कागद दाखव, मग ते सांगतील त्या तपासण्या कर. कोपऱ्यावरच्या लॅबमधला पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून सुटका समजू नकोस. फॅक्टर थोडंसंच कमी असलं तर एपीटीटी बरोबर येऊ शकते. फॅक्टर आठ वेगळं मोजायला सांगायचं, आणि त्यासोबत व्हॉन विलेब्रँड फॅक्टरही.

रक्त देण्यातही काळजी आहे, आणि ही कुणी सांगत नाही. घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या मुलाला या तपासणीसाठी बोलावू नकोस. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली लागते, नमुना चार तासांच्या आत हाताळावा लागतो, आणि ते रक्त बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवलं तर फॅक्टर खोटंच कमी दिसतं. जिथे तपासतात तिथेच जाऊन दे. उलटही होतं बघ. लोकलमधून उतरून पूल चढत धापा टाकत गेलीस, सुईला घाबरलीस, तर फॅक्टर तेवढ्यापुरतं वाढतं आणि रिपोर्ट चांगला दिसतो. म्हणून अर्धा तास आधी पोच आणि बाकावर शांत बस. पाळीच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांग, त्यांनीही आकडा चढतो. एका रिपोर्टवर विसंबू नकोस, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर कुरकूर न करता जा.

व्हॉन विलेब्रँडचा आजार आपल्या घरात नाही, तरी तुला त्याचं सांगते, कारण रक्ताचे आजार पुरुषांचेच असं म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर यॉर्डिस नावाची मुलगी होती. पाच वर्षांची असताना तिला डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांच्याकडे आणलं. तिच्या बहिणी रक्तस्रावाने गेल्या होत्या. डॉक्टरांनी १९२६ मध्ये या आजाराबद्दल लिहिलं. इकडे परळला केईएम सुरू झालं ते याच साली. यॉर्डिस तेराव्या वर्षी गेली, चौथ्या पाळीत. आज जगात रक्तस्रावाचा सगळ्यांत जास्त आढळणारा आनुवंशिक आजार हाच, आणि तो मुलामुलींना सारखाच होतो. आपल्या चाळीत 'हिला पहिल्यापासूनच जास्त जातं' म्हणून गप्प बसवलेल्या मुलींत अशी एखादी असणारच, असं मला पक्कं वाटतं. तुझ्या ऑफिसात तशी कुणी दिसली तर तिलाही तपासायला पाठव.

आता पाळीचं. किती म्हणजे जास्त, हे आपल्याला घरातल्या बायका शिकवतात, आणि आपल्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं, त्यामुळे तेच रीतीचं वाटतं. सात दिवसांपेक्षा जास्त चालली, तासा-दोन तासांत पॅड भिजलं, रात्री उठून बदलावं लागलं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडल्या, तर ते जास्तच. पॅड किती लागली, किती भिजली, गाठी किती, हे दोन-तीन महिने वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेव. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासून घे. हिमोग्लोबिन बरं दिसत असताना लोहाचा साठा रिकामा झालेला असतो, आणि मग जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कामात लक्ष लागत नाही. आळीवाचे लाडू मी करून देईन, खजूरही खा, पण रिकामा साठा तेवढ्याने भरत नाही. लोहाची गोळी लागते, ती चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

पोटात दुखलं की तू मेफ्टाल स्पास घेतेस, मी पाहिलंय. ऑफिसातल्या सगळ्याच मुलींच्या पर्समध्ये ती असते. तुला ती चालणार नाही. त्यात मेफेनॅमिक ॲसिड आहे, त्याने प्लेटलेट नीट काम करत नाहीत. तीच गोष्ट डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम आणि व्होव्हेरानची. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, आणि गरम पाण्याची पिशवी. केमिस्टने 'हीच घ्या, लवकर आराम पडेल' म्हणत दुसरी पट्टी पुढे केली तर मागचं बारीक अक्षर वाचून मग पैसे दे. दंडात किंवा कमरेत टोचायचं इंजेक्शनही विचारल्याशिवाय घेऊ नकोस, स्नायूत रक्त साकळतं.

रक्त कमी जायला ट्रानेक्झॅमिक ॲसिडची गोळी असते. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात ते थांबावं म्हणून जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याबरोबर ते शोधलं, १९६२ मध्ये ते जगापुढे आलं. एका बाईने बायकांसाठी शोधलेलं औषध आहे, ते घ्यायला लाजू नकोस. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आणि लघवीतून रक्त जात असेल तर त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, कारण वाटेत गाठ अडकते. पुढे हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असेही उपाय आहेत. लग्न न झालेल्या मुलीला हे कशाला, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे पाठव, मी बघते.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे सर्रास घेतात. ती बंद केल्यावर जी पाळी येते ती तुला झेपणार नाही. गौरी तुझ्यावाचून अडत नाहीत. घ्यायचीच असेल तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारून.

आणखी एक दुखणं असतं, दोन पाळ्यांच्या मधलं. बीज सुटतं तेव्हा तिथे जखम होते. एरवी ती मिटते, पण आपल्यासारखीच्या पोटात रक्त साचू शकतं. उजवीकडे दुखलं की अपेंडिक्स समजून ऑपरेशनला घेतात. तुला तसं झालं तर टेबलावर जाण्याआधी ओरडून सांग, फॅक्टर तपासा, सोनोग्राफी करा, माझ्या डॉक्टरांना फोन लावा. दाताचंही तेच. माझी दाढ काढली तेव्हा 'वाहकाला काही होत नाही' म्हणत एका दवाखान्याने कापूस देऊन घरी पाठवलं आणि रात्रभर मी तोंडातून रक्त थुंकत होते. दाताच्या डॉक्टरांनी आधी रक्ताच्या डॉक्टरांशी बोलायचं, त्याशिवाय खालच्या जबड्यात खोल भुलीची सुईसुद्धा नाही. घोणा फुटला तर डोकं मागे टाकून टाळूवर पाणी थापत बसायचं नाही. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं सतत धरायचा, मधेच सोडून बघायचं नाही.

पर्समध्ये एक जाड कागद ठेव. आजाराचं नाव, तुझा आकडा, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, चालणारी आणि न चालणारी औषधं. गणपतीत लालबागला गाडी हलत नाही, म्हणून माझ्या मुलाच्या हिमोफिलियासाठीचं फॅक्टरचं इंजेक्शन मी आधीच आणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवते, २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये गोठलं की ते वाया गेलं. डॉक्टरांनी तुलाही गोळ्या घरी ठेवायला सांगितल्या तर त्या दहा दिवसांच्या आधी आण.

आता लग्नाचं. तुला वाटत असेल, आत्याने भाची सून म्हणून कधी का मागितली नाही. नातेवाइकांनी मला किती वेळा टोचलं, की भावाची पोर घरात येऊ दे, आपली रीतच आहे. पोरी, तुझ्यावर माझा जीव आहे म्हणूनच मी नाही म्हटलं. माझ्या मुलालाही तोच आजार. त्याच्या प्रत्येक मुलीला त्याचं सदोष एक्स जाणारच, आणि तुझंही सदोष गेलं तर ती मुलगी बाबासारखीच पूर्ण हिमोफिलियाची. तशी शक्यता दर मुलीमागे निम्मी. शिवाय आपल्या आजारात नाही, पण रक्ताचे कितीतरी आजार दोन्हीकडून एकेक दोष आला की उफाळतात, ग्लान्झमनचा आजार, फॅक्टर तेराची कमतरता. आते-मामे भावंडांची लग्नं जिथे पिढ्यान्‌पिढ्या होतात तिथे ते जास्त दिसतात.

बाहेरचा मुलगा बघशील तेव्हा लपवू नकोस. पण पहिल्याच चहा-पोह्यांना मध्यस्थाच्या तोंडून कळवायची ही गोष्ट नाही. दोघांना एकमेकांत रस आहे असं दिसलं की तू स्वतः सांग, कागद दाखव, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. दर मुलग्यामागे निम्मी शक्यता आजाराची, दर मुलीमागे निम्मी वाहक असण्याची. हे ऐकून जो पळेल त्याला जाऊ दे.

दिवस राहण्याआधी बाबाच्या रक्तातून जनुकातला नेमका दोष शोधून ठेवायचा, कारण तो माहीत असेल तरच पोटातल्या बाळाचं तपासता येतं. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन ही तपासणी होते. लिंग तपासणं गुन्हा आहे, पण अशा आजारासाठी नोंदणी असलेल्या केंद्रात तपासायला कायद्यात जागा ठेवली आहे. तपासायचं की नाही, पुढे काय करायचं, हे तू आणि तुझा नवरा ठरवाल. सासूने नाही, मी नाही.

बाळंतपण अशा ठिकाणी कर जिथे रक्ताचे डॉक्टर, रक्तपेढी आणि लहान मुलांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतील. परळला वाडिया आणि केईएम जवळजवळ आहेत, ही आपली सोय आहे. गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप चढतं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा मोज. ५० च्या वर असेल तर बाळंतपण आणि पाठीतली भूल या दोन्हींचा विचार सोपा होतो. मुलगा असायची शक्यता आहे हे धरून चिमटे आणि व्हॅक्यूम नको म्हणून आधीच कागदावर लिहून घे. नाळेतल्या रक्तावर बाळाचं फॅक्टर तपासायला सांग, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या मांडीत सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना विचार. बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून कान टोचायची घाई नको, आजी रुसली तरी चालेल.

आणि घरी आल्यावर. बाळंतपणात चढलेलं फॅक्टर पुढच्या काही आठवड्यांत उतरतं, नेमकं तू माहेरी असताना. बाळंतिणीचं जातंच, असं वहिनी म्हणेल, तिच्या आईनेही तिला तेच सांगितलेलं. कमी होत आलेलं पुन्हा वाढलं, गाठी पडायला लागल्या, चक्कर आली, तर शेक-शेगडी बाजूला ठेवायची, कागदावरचा नंबर लावायचा आणि टॅक्सी बोलवायची. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला हाक मार, बाळाला मी सांभाळते.