पाखरे पाहायला केव्हा जावे?

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. पाऊस उघडतो. आभाळ निवळते. सुगीच्या कामातून एखादा दिवस मोकळा मिळतो. अशा दिवशी मुलाबाळांना घेऊन पाखरे पाहायला जावे. पण कोणत्या दिवशी? ते आपण आज पाहू.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वर हे गाव आहे. तेथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. संगमाजवळ बंधारा आहे. वर्षानुवर्षे बंधाऱ्यात गाळ साठला. पाणी उथळ झाले. पाणवनस्पती वाढल्या. पाखरांना भरपूर खाणे मिळू लागले. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. जगातील मोठ्या मोलाच्या पाणथळ जागांची एक यादी आहे. तिला रामसर यादी म्हणतात. २०२० साली या जागेचे नाव त्या यादीत जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिलेच नाव.

थंडीत उत्तरेकडे पाणी गोठते. मग तिकडची पाखरे खाणार काय? ती आपल्याकडे येतात. चक्रवाक नारिंगी रंगाचा असतो. थापट्या बदकाची चोच पुढे रुंद, पळीसारखी असते. तलवार बदकाची शेपटी लांब आणि टोकदार असते.

मग पाऊस कमी झाला की लगेच निघावे काय? नाही, मंडळी. थोडे थांबावे. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण पाण्याचे. वरच्या धरणांतून पाणी सोडले की नदी फुगते. गढूळ पाणी जोराने वाहते. उथळ जागा बुडून जातात. बदकांना चरायला जागा राहत नाही.

दुसरे कारण विजेचे. परतीचा पाऊस कसा असतो, हे तुम्ही जाणताच. हस्त आणि चित्रा नक्षत्रांत सकाळी कडक ऊन पडते. जमीन तापते. हवेत ओल असतेच. तापलेली हवा वर चढते. दुपारनंतर ढग जमतात आणि वीज कडाडते. तळ्याचा काठ मोकळा असतो. तेथे धोका मोठा.

म्हणून स्वाती नक्षत्र संपत आले, म्हणजे नोव्हेंबर उजाडला, की दिवस ठरवावा. एक नव्हे, दोन दिवस ठरवावेत. पहिला हुकला तर दुसरा हाताशी असतो. गाडीवाल्यालाही तसे आधीच सांगून ठेवावे. कारण नक्षत्र संपले तरी पाऊस येऊ शकतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठले. त्या दिवसांत नाशिककडे अवकाळी पाऊस झाला. द्राक्षबागांचे फार नुकसान झाले.

आदल्या संध्याकाळी हवामानाची बातमी ऐकावी. हवामान खाते रंगाने इशारा देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे लगेच कृती करा. नारिंगी किंवा लाल असेल तर सहल पुढे ढकलावी. मोबाईलवर 'दामिनी' असेल तर जवळपास वीज पडते आहे का, तेही कळते.

पहाटे निघावे. सकाळी वारा कमी असतो, पाणी संथ असते. पाण्यावर धुके असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबावे. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे पाखरांचे रंग नीट दिसतात. भडक कपडे घालू नयेत. गलका करू नये, बरं का!

आणि गडगडाट ऐकू आला तर? मनोऱ्यावर असाल तर खाली उतरा. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत बाहेर येऊ नका. पाखरे थंडी संपेपर्यंत तेथेच असतात. ती पुढच्या आठवड्यातही दिसतील.

प्रश्न
१. दोन दिवस का ठरवावेत?
२. सकाळी सूर्य पूर्वेला असतो. मग तळ्याच्या कोणत्या काठावर उभे राहाल?
३. तुमच्या गावच्या तळ्यावर थंडीत कोणती पाखरे येतात? त्यांची नावे लिहा.