आईची काटकसर

आमची आई मोठी काटकसरी होती. तिचे नऊवारी लुगडे विरले, की त्याच्या धड भागाचे मुलींसाठी परकर होत. उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली जाई. गोधडी जीर्ण झाली, म्हणजे तिची पायपुसणी होत. तांदळाचे धुवण गाईला मिळे, धुण्याचे पाणी परसातील केळींना. चुलीतील राखेने भांडी घासली जात. उरलेली राख भाजीच्या वाफ्यात पडे. राखेतील पालाश हे रोपांचे अन्नच होय.

कोणी तिला कंजूष म्हणत. एका पावसाळ्यात शेजारचे मूल तापाने फणफणले. त्याच्या घरी औषधाला पैसा नव्हता. आईने डब्यात साठवलेले सारे रुपये त्याच्या वडिलांच्या हाती ठेवले. तेव्हापासून ती तोंडे बंद झाली. कंजूष मनुष्य साठवतो, पण देत नाही. काटकसरी मनुष्य गरजेच्या वेळी देता यावे, म्हणून जपून वापरतो.

मुलांनो, एक किलो कापूस पिकवण्यास हजारो लिटर पाणी लागते. म्हणून जुने वस्त्र पुन्हा वापरणे म्हणजे पाणीही वाचवणे होय. आईच्या घरातून बाहेर पडलेली वस्तू अखेर मातीत मिसळे. आजची प्लास्टिकची पिशवी वर्षानुवर्षे कुजत नाही. यास्तव कोणतीही वस्तू टाकण्यापूर्वी तिचा आणखी काही उपयोग आहे काय, याचा विचार करावा.

स्वाध्याय
१. आई जुन्या लुगड्याचा उपयोग कसा करी?
२. कंजूषपणा व काटकसर यांतील भेद सांगा.